मुंबईची क्वीनी

दिवाळी अंकात चित्रपटतारकांवर लेख आहे म्हटले, की वाचक चकलीचा तुकडा मोडीत जरा सरसावून बसतो. पडद्यावर सीता-सावित्री होणारी नटी घरी कशी वागे, पडद्यावरचा धीरोदात्त नायक रात्री कोणत्या अवस्थेत घरी परते, ह्या हकीकती वाचायला कोणाला आवडत नाहीत? मलाही आवडतात. परंतु आज ज्या नटीची कथा मी सांगणार आहे, तिच्या आयुष्यातली विसंगती निराळ्या जातीची आहे. तिने जन्मभर जे जिवापाड लपविले ते व्यसन नव्हते, कर्ज नव्हते, की एखादे प्रेमप्रकरणही नव्हते. तिने लपविली ती आपली जन्मभूमी. आणि जन्मभूमी लपविण्यासाठी तिला आपली आई लपवावी लागली. ती जन्मभूमी म्हणजे आपली मुंबई.

नटीचे नाव मर्ल ओबेरॉन. आजच्या तरुण वाचकांनी ते ऐकलेले नसेल. पण १९३० ते १९५० ह्या काळात लंडन आणि हॉलिवूड ह्या दोन्ही ठिकाणी ते मोठ्या अक्षरांत झळकत होते. मी तिला पहिल्यांदा पाहिले ते १९६३ च्या सुमारास. मी तेव्हा पुण्यास शिकत होतो. कँपातल्या एका चित्रपटगृहात रविवारी सकाळी जुने इंग्रजी बोलपट कमी दरात दाखवीत, आणि वसतिगृहातले आम्ही चार-पाच जण सायकली हाणीत तेथे जात असू. संवाद निम्मेच कळत. उरलेले निम्मे आमच्यातला एक मित्र कळल्यासारखे दाखवी आणि परतताना आम्हांला समजावून सांगे. त्या दिवशी 'वदरिंग हाइट्स' होता. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरून विल्यम वायलरने १९३९ साली केलेला. लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ झाला होता आणि मर्ल ओबेरॉन कॅथी.

काय ती नटी! रुंद कपाळ, किंचित तिरपे लांबट डोळे, आणि बोलणे असे की खानदानी इंग्रज घराण्याशिवाय ते येऊच नये. परतताना कोणीतरी विचारले, "ही कुठली रे?" आमच्या सर्वज्ञ मित्राने तत्काळ सांगितले, "टास्मानियाची." टास्मानिया कोठे आले हे आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येईना. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की त्या पत्त्याची खुबी नेमकी तीच होती.

तो पत्ता सर्वस्वी बनावट होता. मर्ल ओबेरॉन १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्मली. तिचे नाव एस्टेल मर्ल ओब्रायन टॉम्सन. घरी तिला क्वीनी म्हणत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरली. त्या राणीवरून हे लाडके नाव पडले असे सांगतात. ज्या भेटीची आठवण म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया दाखवितो, तिचीच दुसरी आठवण म्हणजे ह्या मुलीचे टोपणनाव. फरक एवढाच, की गेटवे लपविता येत नाही.

क्वीनी वाढली शार्लट सेल्बी नावाच्या स्त्रीच्या हाती. शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची, सावळ्या वर्णाची. हीच आपली आई असे क्वीनीला सांगण्यात आले होते, आणि शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स ही तिची थोरली बहीण. वस्तुस्थिती अशी होती, की कॉन्स्टन्स हीच क्वीनीची जन्मदात्री होती. मूल झाले तेव्हा ती स्वतःच अजून शाळकरी वयाची होती. लेकीच्या आयुष्याला डाग लागू नये म्हणून शार्लटने नातीला आपले मूल म्हणून पदरात घेतले. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत असे पांघरूण घातल्याच्या कथा कुजबुजत सांगितल्या जात; तेव्हा ह्यात परके काही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्ल ओबेरॉन खोटे बोलायला हॉलिवूडमध्ये शिकली नाही. ते तिला पाळण्यातच मिळाले होते, आणि तेही मायेपोटी.

त्या काळच्या मुंबई-कलकत्त्यात मिश्र वंशाच्या माणसाचे स्थान कोणते होते? सरकारने ह्या लोकांसाठी 'अँग्लो-इंडियन' हा शब्द अधिकृतपणे वापरात आणला तो १९११ साली, म्हणजे क्वीनीच्या जन्माच्याच वर्षी. त्याआधी त्यांना 'युरेशियन' म्हणत, आणि तो शब्द तोंड वाकडे करूनच उच्चारला जाई. साहेबांच्या क्लबात त्यांना जागा नव्हती, हिंदुस्थानी घरांत सोयरिकीला कोणी उभे करीत नव्हते. रेल्वे, तारखाते, टेलिफोन ह्या नोकऱ्या मात्र त्यांच्यासाठी होत्या. १९१७ साली शार्लट क्वीनीला घेऊन कलकत्त्यास गेली. तेथील ला मार्टिनिएर शाळेत मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. पण वर्गातल्या मुली तिच्या जन्मावरून टोमणे मारीत, आणि अखेर शाळा सुटली. पुढे क्वीनी टेलिफोन ऑपरेटर झाली. संध्याकाळी हौशी नाट्यमंडळात कामे करू लागली. चौरंगीवरच्या फिर्पो ह्या बड्या उपाहारगृहात नाचगाण्याच्या रात्री ती जाई, आणि तेथे तिच्या रूपाची चर्चा होई.

चरित्रकारांनी नोंदलेला ह्या दिवसांतला एक प्रसंग आहे. एका अमेरिकन गृहस्थाशी तिचा स्नेह जुळला होता. एके रात्री तिला पोहोचवायला तो घरी आला आणि दारात त्याला शार्लट दिसली. तिचा वर्ण त्याने पाहिला आणि तो काय ते समजला. स्नेह तेथेच संपला. जाता जाता त्याने एवढे मात्र केले, की फ्रान्समध्ये आलीस तर तेथल्या एका दिग्दर्शकाकडे शब्द टाकीन, असे आश्वासन दिले. १९२० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस आजी आणि नात बोटीत बसल्या. दिग्दर्शक रेक्स इंग्रम ह्याने नीसच्या स्टुडिओत क्वीनीला किरकोळ काम दिले. तेथून दोघी लंडनला आल्या. मुलीने त्या रात्रीचा धडा गिरवून ठेवला होता: आईचा चेहरा दिसला की दार बंद होते.

लंडनमध्ये तिला अलेक्झांडर कोर्डा भेटला. हा हंगेरीतून आलेला निर्माता. कोर्डा हेसुद्धा त्याचे जन्मनाव नव्हे. तो मूळचा केल्नर. नावे बदलण्याचा त्याला स्वतःचाच अनुभव होता. त्याच्या १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' ह्या चित्रपटात तिने राणी ॲन बोलिनचे छोटे काम केले. लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला आणि ह्या नव्या मुलीची चौकशी सुरू झाली. ही कोण? कुठली? येथे टास्मानिया अवतरले. होबार्ट शहरात चांगल्या कुळात जन्म, बाप शिकारीच्या अपघातात गेला, मग थोरामोठ्यांच्या आश्रयाने काही काळ हिंदुस्थानात वास्तव्य, अशी ती कथा रचण्यात आली. जन्माचा दाखला? तो आगीत जळाला. लंडनपासून टास्मानिया पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तेथे जाऊन कोण पाहणार? शिवाय ते ब्रिटिश साम्राज्यातले, गोऱ्या वस्तीचे. हिंदुस्थानातील वास्तव्याचा धागा कथेत शिल्लक ठेवला होता तोही हुशारीने, कारण कलकत्त्याचे कोणी ओळखीचे भेटलेच तर सांगायला काही हवे.

आज आपण हे वाचतो आणि म्हणतो, एवढा आटापिटा कशाला? मुंबईत जन्मले म्हणून काय बिघडले? पण त्या काळी बिघडत होते, आणि ते कायद्याने बिघडत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड ह्याच्या खटल्यात निर्णय दिला होता, की हिंदुस्थानी माणूस गोरा ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. तो दरवाजा १९४६ पर्यंत बंद होता. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू केली. तीत वर्णसंकराच्या प्रेमकथेला मनाई होती. त्या मनाईची झळ पहायची असेल तर ॲना मे वाँग ह्या नटीकडे पहावे. ती लॉस एंजलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची. 'द गुड अर्थ' ह्या १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका होती. पण नायक गोरा नट असल्यामुळे ती भूमिका तिला मिळाली नाही. ती मिळाली लुइस रेनर ह्या गोऱ्या नटीला, आणि त्याच कामाबद्दल तिला ऑस्कर मिळाले.

आणखी एक उदाहरण तर कोर्डाच्याच घरचे आहे. म्हैसूरच्या हत्तीखान्यातला साबू नावाचा पोरगा त्याने १९३७ साली 'एलिफंट बॉय' चित्रपटात आणला. साबूचे हिंदुस्थानीपण कोर्डाने जाहिरातीत मिरविले. उघडे अंग, डोक्याला फेटा, शेजारी हत्ती! साबू जगभर गाजला, पण जन्मभर त्याच्या वाट्याला जंगल, हत्ती आणि गालिचेच आले. त्याच कोर्डाने त्याच वर्षांत मर्लचे हिंदुस्थानीपण पुसून तिच्या गळ्यात मोत्यांचे सर घातले. एकाच दुकानात एकच माल दोन लेबले लावून विकला जात होता. जो खरे सांगे त्याला हत्ती मिळे. जिने खोटे सांगितले तिला लॉरेन्स ऑलिव्हिए मिळाला.

खोट्याला फळ आले हे नाकारण्यात अर्थ नाही. 'द डार्क एंजल' ह्या १९३५ च्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर नामांकनात तिचे नाव आले. बक्षीस बेटी डेव्हिसला गेले. १९३९ साली तिने कोर्डाशी लग्न केले. १९४२ साली कोर्डाला 'सर' हा किताब मिळाला आणि कलकत्त्याच्या शाळेतून टोमण्यांनी पळवून लावलेली पोर लेडी कोर्डा झाली. 'वदरिंग हाइट्स' आता आठवला की मला त्याची आणखीच गंमत वाटते. कादंबरीतला हीथक्लिफ हा कोठूनसा उचलून आणलेला काळासावळा पोरगा. एके ठिकाणी त्याला लास्कर, म्हणजे आपल्याकडचा खलाशीसुद्धा म्हटले आहे. त्याच्याशी लग्न केले तर आपल्याला कमीपणा येईल म्हणून कॅथी त्याला नाकारते. चित्रपटात तो काळासावळा पोरगा झाला होता अस्सल गोरा इंग्रज, आणि वर्णाचा कमीपणा मानणारी कॅथी झाली होती मुंबईची क्वीनी!

ह्या सगळ्या वैभवात शार्लट कोठे होती? ती लेकीबरोबरच होती, त्याच घरात. पाहुणे आले की ती मोलकरीण होई. मर्लची आया, जुनी हिंदुस्थानी दाई, अशी तिची ओळख करून दिली जाई. पडद्यावर राण्या-सरदारणी होणारी मुलगी दिवाणखान्यात बसे, आणि जिने तिला पदरात घेतले ती स्त्री नोकराणीच्या पावलांनी आतबाहेर करी. १९३७ साली शार्लट वारली. त्याच वर्षी लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात मर्लच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि तिचा एक मोठा चित्रपट अर्ध्यावर बंद पडला.

हे मी प्रथम वाचले ते १९८३ साली तिचे चरित्र प्रसिद्ध होऊन त्याची चर्चा वृत्तपत्रांत आली तेव्हा. वाचून कोणीही म्हणेल, काय ही निर्दय बाई! मीही म्हणणार होतो. पण म्हणता आले नाही. त्याचे कारण सांगायचे तर मला माझे स्वतःचे एक लाजिरवाणे पान उघडावे लागेल.

माझी आई मी तान्हा असतानाच गेली. मला वाढविले आत्याने. ती बालविधवा, लाल आलवण, डोक्यावर पदर, पायांत वहाणा नाहीत. कऱ्हाडला आमच्या घरात ती दिसली नाही तर मला जेवण जात नसे. १९६२ च्या दिवाळीत मी परीक्षेच्या निमित्ताने पुण्यासच राहिलो होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या एस.टी.ने एकटी पुण्याला आली आणि लाडू-करंज्यांचा डबा घेऊन वसतिगृहाचा जिना चढून थेट माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. माझा खोलीतला जोडीदार मुंबईच्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा होता. त्याने विचारले, "कोण रे ह्या?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्या शेजारच्या आजी. पुण्यात कोणाकडे तरी आल्या असतील."

आत्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "होय हो बाळ. शेजारीच असते मी ह्यांच्या. ह्याच्या आत्यानं फराळाचं दिलंय, म्हटलं जाता जाता पोचवावं." डबा टेबलावर ठेवून, पाणीसुद्धा न पिता ती जिना उतरून गेली. पुढे ती नऊ वर्षे जगली. ह्या गोष्टीचा उच्चार तिने एकदाही केला नाही, आणि मीही केला नाही.

म्हणून शार्लटविषयी वाचताना मला वाटते, की अशा खोट्याला दोन माणसे लागतात. एक सांगणारा आणि दुसरा ते निभावून नेणारा. बोलतो त्याचे नाव होते. निभावतो त्याचे कोठेच लागत नाही. मर्लने जगाला फसविले, हे खरे. पण शार्लटने एकदा जरी पाहुण्यांसमोर "पोरी" म्हणून हाक मारली असती, तरी सारा डोलारा कोसळला असता. तिने ती मारली नाही. त्या घरातली अवघड भूमिका मर्लची नव्हती.

अशा कथा मुंबईतच घडल्या असेही नाही. आपल्या नगरचीही एक आहे, आणि तिचा धागा हॉलिवूडच्या दुसऱ्या एका प्रख्यात चेहऱ्यापर्यंत जातो. 'द किंग अँड आय' हा १९५६ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेल्या ॲना लिओनोवेन्स ह्या इंग्रज बाईची ती कथा. डेबोरा करने ती भूमिका अशी केली, की इंग्रज बाणेदारपणाचा तो नमुनाच ठरला. खरी ॲना १८६२ ते १८६७ ह्या काळात सयामच्या दरबारी होती. आपण वेल्समध्ये जन्मलो, बाप कॅप्टन, नवरा मेजर, असे ती जन्मभर सांगत राहिली. १९७० नंतरच्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या एका इंग्रज संशोधकाने जुनी दप्तरे चाळली. हा गृहस्थ मूळचा कोळ्यांचा, जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा, अभ्यासक. त्याला दिसले, की ॲनाचा जन्म १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. बाप पलटणीतला साधा सार्जंट, आजी बहुधा मिश्र वंशाची. तिचे लग्न १८४९ साली पुण्यात एका कारकुनाशी झाले होते. बाप कॅप्टन नव्हता आणि नवराही मेजर नव्हता.

ॲनाने हे खोटे टिकविण्यासाठी सख्ख्या बहिणीशी संबंध तोडला तो कायमचा. त्या बहिणीच्या मुलीचे लग्न १८६४ साली सुरतेस एडवर्ड प्रॅट नावाच्या सरकारी नोकराशी झाले. ह्या जोडप्याचा धाकटा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट १८८७ साली इंग्लंडात जन्मला. भावांप्रमाणे परराष्ट्रखात्यात जाण्याऐवजी तो १९०९ साली कॅनडात पळाला, शेतावर राबला, ट्रक हाकले, फिरत्या नाटक मंडळ्यांत कामे केली, आणि बोरिस कार्लोफ हे नाव धारण केले. तोच १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' मधला राक्षस! चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नुसते प्रश्नचिन्ह छापले होते. खरे म्हणजे तो प्रश्न ह्या घराण्यातल्या पुष्कळांना विचारता आला असता.

ह्या राक्षसाचे खाजगी आयुष्य पहावे तर तो अगदी भला माणूस. बागकाम आणि क्रिकेट ह्यांचा शोकी. नटांना चोवीस-चोवीस तास राबविणाऱ्या स्टुडिओंविरुद्ध १९३३ साली नटांचा संघ उभा राहिला, त्याच्या अगदी पहिल्या सभासदांत तो होता. १९४० पासून बाल्टिमोरच्या एका रुग्णालयातील अपंग मुलांना नाताळात तो फादर ख्रिसमस होऊन खाऊ-खेळणी वाटीत असे. १९३३ साली चित्रपटासाठी तो इंग्लंडला परतला तेव्हा त्याला एकच धास्ती होती: आपले परराष्ट्रखात्यातले प्रतिष्ठित भाऊ ह्या राक्षसाला घरात घेतील का? भाऊ भेटले, आणि त्याच्याबरोबर छायाचित्रात उभे राहण्यासाठी त्यांची आपापसांत रेटारेटी सुरू झाली! ॲनाने बहीण तोडली ती आपल्याला कोणी हिणवील म्हणून. कार्लोफ भावांना भेटायला भीत होता तोही त्याच शंकेने. त्याची शंका फुकट गेली. ॲनाने ती पडताळून पाहिलीच नाही.

मर्लनेही पाहिली नाही. वेळ आली होती, ती एकदा नव्हे, दोनदा. कॉन्स्टन्सचे पुढे लग्न झाले होते आणि तिला चार मुले झाली होती. त्यांपैकी एका मुलाला मुंबईच्या सरकारी दप्तरात मर्लची जन्मनोंद सापडली. जिला आपण मावशी समजत होतो ती आपल्याच आईची मुलगी आहे, हे त्याला त्या कागदावरून कळले. तो तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला. ती भेटली नाही. त्याचे मोठेपण असे, की तिच्या हयातीत त्याने हा कागद बाहेर काढला नाही. निभावून नेणाऱ्यांच्या यादीत मी त्याचेही नाव घालतो.

दुसरी वेळ आली १९७८ साली. होबार्टच्या महापौराने आपल्या शहराच्या ह्या जगप्रसिद्ध लेकीला सत्काराचे निमंत्रण दिले, आणि ती गेली! का गेली असेल? पंचेचाळीस वर्षे सांगितलेल्या जन्मगावी तिने पहिल्यांदाच पाऊल टाकले असावे. सत्काराच्या थोडे आधी महापौरांना कळले होते, की तिच्या जन्माची नोंद गावात कोठेही नाही. पण निमंत्रणे गेली होती, तेव्हा समारंभ करणे भाग होते. समारंभाला जाताना तिने मोटारचालकाला नवीच हकीकत सांगितली, की लहानपणी बापाबरोबर बोटीने जात असता तो आजारी पडला म्हणून येथे उतरलो होतो. समारंभात तिने आपण येथे जन्मलो नाही असे सांगितले, आणि तब्येतीचे कारण देऊन ती निघून गेली. उरलेले दिवस ती हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नाही.

गंमत अशी, की टास्मानियाच्या लोकांनी तिचे ऐकले नाही. २००२ साली एका ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेने ह्या विषयावर माहितीपट केला. त्यात तेथली माणसे छातीठोकपणे सांगतात, की ती आमचीच. त्यांनी तिच्यासाठी तेथली एक आईसुद्धा ठरवून ठेवली होती. हॉटेलात काम करणारी, चिनी वंशाची. जिने आपली सावळी आई लपविली, तिला लोकांनी दुसरी गोरी नसलेली आई बहाल केली! खोटे एकदा गावात राहायला आले की ते आपला संसार थाटते, आणि मग जन्मदात्यालाही दाद देत नाही.

मर्ल ओबेरॉन २३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियात मालिबू येथे वारली. वय ६८. चार लग्ने झाली होती. चेहऱ्यावरील व्रण दिसू नयेत म्हणून तिच्या दुसऱ्या नवऱ्याने, ल्युसियन बॅलार्ड ह्या छायाचित्रकाराने, कॅमेऱ्याजवळ बसविण्याचा एक खास दिवा तयार केला होता. त्या जातीच्या दिव्याला चित्रपटधंद्यात आजही तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. चेहऱ्यावर सरळ प्रकाश टाकून दोष पुसून टाकणारा दिवा! तिच्या नावाला ह्याहून शोभेसे स्मारक सुचविता येणार नाही.

मार्च २०२३ मध्ये मलेशियाच्या मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ह्या मानाच्या नामांकनात आलेली पहिली आशियाई स्त्री कोण असा वाद निघाला. उत्तर आले: मर्ल ओबेरॉन, १९३५. वृत्तपत्रांनी तिच्या नावापुढे मुंबई छापले. २०२५ साली मयूख सेन ह्या लेखकाने तिचे नवे चरित्र लिहिले आणि त्याच्या नावातच 'क्वीनी' घातले. जे नाव पुसण्यासाठी एक आयुष्य खर्ची पडले, त्याच नावाने आज तिचा मान होतो आहे. पण त्यासाठी जगाला बदलायला नव्वद वर्षे लागली, हे विसरून तिला दोष देणे सोपे असते. तिच्या खोट्याचा ग्राहक कोण होता? टास्मानिया ऐकून समाधान पावणारे, मुंबई ऐकून तोंड फिरविणारे प्रेक्षक. त्यांत आम्ही पुण्याचे विद्यार्थीही होतो. पडद्यावरची मडमच आम्हांला पहायची होती.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. शार्लट वारल्यावर बारा वर्षांनी, १९४९ साली, मर्लने एका चित्रकाराकडून आपल्या आईचे तैलचित्र काढवून घेतले. जुन्या छायाचित्रावरून. चित्रकाराला तिने एकच सूचना दिली: वर्ण उजळ करा. ते चित्र तिच्या प्रत्येक घरात, अखेरपर्यंत, दिवाणखान्यातल्या भिंतीवर होते. पाहुण्यांना ती सांगे, "ही माझी आई." जिवंतपणी जे शब्द शार्लटला पाहुण्यांसमोर ऐकायला मिळाले नाहीत, ते असे गोऱ्या रंगाच्या मोबदल्यात मिळाले.

आमच्या आत्याचे छायाचित्र नाही. त्या काळी विधवेचे कोण काढणार? पण दर दिवाळीला फराळाचे पहिले ताट देवापुढे ठेवताना आमच्याकडे कोणी नवा माणूस असला, नातसून असो की तिच्या माहेरचे कोणी, तर मी ही हकीकत सांगतो. डबा, जिना, जोडीदाराचा प्रश्न, माझे उत्तर, सगळे. नातवंडांना आता ती पाठ झाली आहे. धाकटी तर मधेच थांबवून विचारते, "आजोबा, मग तुम्ही तिला पाणी का नाही दिलंत?"